नगरपालिकेकडे पाय

आमच्या हिनं पाय वर करायला साफ नकार दिला आणि तिथून माझ्या अब्रूची घसरगुंडी सुरू झाली.

पाय वर करायचे होते ते साखरेपायी. हिच्या पायांत रक्त नीट उतरतच नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांचं म्हणणं. डाव्या पायाचं धाकटं बोट त्यांनी काढून टाकलेलं होतं, आणि उरलेल्या बोटांकडे ते ज्या नजरेनं बघत होते ती नजर मला आवडली नव्हती. "रक्त फिरलं नाही तर पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही," एवढंच बोलून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. परत येताना गोंदियाला, हद्दीपलीकडच्या आमच्या हिंदी मुलखातली गाडी पकडताना, ही म्हणाली, "पान्याची बाटली राह्यली त्या गाडीत." मी नवी बाटली घेतली.

घरी आल्यावर माणसं भेटायला आली. हिचा धाकटा भाऊ रवी तेवढा आला नाही. तो उकव्याच्या खाणीत नोकरीला, म्हणजे काही विलायतेत नाही, बस जाते. पण स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं त्यानं फोनवर केलं होतं. घरी येऊन हातात अक्षत दिली नव्हती. ही लग्नाला गेली नाही, आणि तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. ही त्याचं नावही काढत नसे. फक्त दारात चपला वाजल्या की मान वळवून बघायची, आणि कोण आहे ते दिसलं की परत भिंतीकडे तोंड करायची.

अशा दिवसांत दीपिका नावाची फिजिओथेरपीवाली मुलगी घरी आली. मुलगी हसरी होती. आमच्या घरात तेव्हा हसणारं तेवढंच माणूस. तिनं उशांचा ढीग रचला आणि हिला समजावलं. "देखो आंटी, बहुत सिंपल है. झोपून पाय वर, ह्या उशांवर. तळवे पांढरे दिसले की उठायचं आणि पाय खाटेखाली सोडायचे, लाल होईपर्यंत. मग सरळ झोपायचं. फिर से ऊपर. और गाना लगा के करो. गाण्यावर केलं ना, तर बोर नहीं होता, और टाइम का भी पता चलता है."

दीपिका जाईपर्यंत ही मान डोलावत होती. ती गेल्यावर म्हणाली, "मी नाई करत."

"काहून?"

"ह्या वयात लुगडं नेसून पाय वर करून पडू? दूधवाला येते, पेपरवाला येते. घरात गानं वाजून राह्यलं अन् बाई टांगा वर करून पडली हाय. चांगलं दिसते का?"

"दार लावून घेऊ."

"भर सकाळी दार लावून आत गानं लावलं तं अजूनच चांगलं दिसन."

जलसंसाधन विभागात मी बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होतो. कलेक्टर कचेरीतून आलेल्या पत्रांना उत्तरं दिलेली आहेत. ह्याचं उत्तर म्हणून मी स्वतः खाटेवर पडून पाय वर करून दाखवले, तर माझ्या पोटरीत गोळा आला आणि हिलाच उठून तेल चोळावं लागलं. चोळता चोळता ती म्हणाली, "चार बाया करतीन तं मीबी करतो. एकटी नाई करत." आमच्याकडे बायकाही "करतो"च म्हणतात, आणि एकदा म्हणाल्या की करतात. मी त्याच संध्याकाळी चार बाया शोधायला निघालो.

साखरेच्या माणसांना आमच्या वार्डात तोटा नाही, तोटा आहे तो ऐकून घेणाऱ्यांचा. ज्याच्या दारात गेलो त्यानं आधी स्वतःचं औषध सांगितलं. कोणी कारल्याचा रस, कोणी जांभळाच्या बिया, कोणी पहाटे दवावर अनवाणी चालणं. हिच्या पायाला खडा टोचला तरी कळत नाही, असं मी सांगितल्यावर ते अनवाणीवाले गृहस्थ म्हणाले, "तं मंग चांगलंच हाय, टोचनार नाई." पलीकडच्या रुख्माबाई मात्र लगेच तयार झाल्या. शेजारचे नथ्थूजी आणि त्यांच्या पुष्पलताबाई दोघंही साखरवाले, तेही तयार झाले, आणि त्यांच्या मागोमाग आणखी चार-पाच बाया.

नथ्थूजींबद्दल थोडं सांगायला हवं. ते तारघरातून निवृत्त झालेले. तारा बंद झाल्या, तारघर गेलं, पण शब्दाला पैसे पडतात ही समजूत त्यांच्या हाडात मुरलेली आहे. "येतो. दोघं. गुडघा दुखते," इतकं बोलून त्यांनी दार लावलं. नवरा असा असल्यामुळं पुष्पलताबाईंना दोघांच्या वाट्याचं बोलावं लागतं.

एवढी माणसं घरात मावणार नव्हती. वार्डाचं समाजभवन रिकामंच असतं, पण ते नगरपालिकेचं. मी गेलो. खिडकीमागं रजत नावाचा तरुण बाबू होता. मी अर्जाचा मसुदा स्वतः केला होता आणि तो चांगला होता. त्यानं वाचला आणि विचारलं, "अंकल, ये है क्या? योग है?"

"योग नाही. पायांचा व्यायाम आहे."

"तो मेडिकल कैंप हुआ. उसमें अस्पताल से लिखवा के लाना पड़ेगा."

"कॅम्प नाही हो. म्हातारी माणसं झोपून पाय वर करतात आणि गाणं लागतं."

"गाना बजेगा? फिर तो संगीत कार्यक्रम है. थाने से परमिशन, एसडीएम साहब से परमिशन."

मी हॉस्पिटलात गेलो. ते म्हणाले, आमचा कॅम्प नाही तर आम्ही कसं लिहून देऊ. ठाण्यात गेलो. साहेबांनी विचारलं, "नाचनेवाले कितने आएँगे?" हिचा पाय तिकडं थंड पडत होता आणि मी इकडं नाचणारे किती ते सांगत होतो. त्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर बसून मला रडू आलं, हे मी घरी सांगितलेलं नाही.

शेवटी रजतला माझी कीव आली. "अंकल, एक काम करो. भजन लिख दो. भजन में किसी की परमिशन नहीं लगती. पर भजन होना चाहिए हाँ, कोई देखने आया तो."

अशा रीतीनं रक्ताभिसरणात भजन आलं.

आमच्या वार्डात भजन म्हणजे वसंताजींची मंडळी. ढोलक, टाळ, खंजिरी, पेटी. संध्याकाळी देवळात बसतात. आणि सकाळी वाजवतात ते एकाच कामाला, कोणाला पोचवायला जायचं असलं म्हणजे. मयतीच्या पुढं भजन चाललं नाही तर आमच्याकडे मयत झाली असं वाटत नाही. वसंताजींनी माझं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाल कशी पाह्यजे?"

"सावकाश. म्हातारे पाय आहेत."

"सावकाश म्हटलं तं रस्त्यातलेच हायेत आपल्याजवळ. बाकी सगळे पळतेत."

मी म्हटलं, सावकाश असले म्हणजे झालं. माणूस अडला की बारकाव्यात शिरत नाही.

मग दिशेचा प्रश्न आला. समाजभवनाच्या पूर्वेला मारुतीचं देऊळ आणि पश्चिमेला बुद्धविहार. पूर्वेकडे पाय करू नका, असं पुष्पलताबाईंचं म्हणणं. पश्चिमेकडे नको, असं रुख्माबाईंचं. दोघी एकमेकींच्या म्हणण्याला मान देऊन बोलत होत्या, त्यामुळं तंटा मिटवायलाही वाव नव्हता. दक्षिणेकडे म्हणजे यमाकडे, ते कोणीच बोललं नाही, नुसते सगळे तिकडून सरकले. राहिली उत्तर. उत्तरेला दरवाजा, त्यापुढं रस्ता आणि रस्त्यापलीकडे नगरपालिकेची कचेरी. तिकडे पाय करायला कोणाचीच हरकत निघाली नाही. वाद्यांकडे पाय नकोत म्हणून भजनी मंडळी उशाशी बसणार. पाय वर करताना लुगडं सरकतं म्हणून बायकांनी अंगावर चादर मागितली. पाय खाली सोडायला उंची हवी म्हणून मंडपवाल्याकडून लाकडी तखत आणले, आणि चादरीही त्याच्याच घेतल्या. त्याच्याकडे पांढऱ्याच होत्या.

यातली एकेक गोष्ट तपासून बघा, प्रत्येकीला सबळ कारण आहे. मी बडे बाबू होतो, विनाकारण काही करत नाही.

पहिल्या सकाळी दीपिकाही आली. साखरवाले सगळे झोपले. सगळ्यात पुढं ही होती, कारण तिलाच खरी गरज. तिनं लाजेनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. पदर डोक्यावरून, चादर गळ्यापर्यंत, पाय दाराकडे. उशाशी वसंताजींनी ढोलकावर थाप दिली आणि ते सावकाश भजन सुरू केलं. ह्याच चालीवर मी माझ्या आईच्या मागं चाललो होतो.

पण पाय वर गेले. हिचेही गेले. कडव्याला वर, धृपदाला खाली, असं दीपिकानं बसवून दिलं होतं. पांढरे पडलेले तळवे खाली सोडले की हळूहळू गुलाबी होत होते, आणि दीपिका म्हणत होती, "वा आंटी, वा." किती दिवसांनी मला बरं वाटलं.

हे नथ्थूजींनाही बरं वाटलं असावं. त्यांच्या मुलानं त्यांना नवा फोन दिला होता. त्यांनी बसल्या बसल्या हिचा छोटा व्हिडिओ काढला. बाकीच्या बायकांनी काढू दिला नाही. हिचे डोळे मिटलेले, म्हणून हिला कळलं नाही. तेव्हा पाय सरळ ठेवण्याची पाळी चालू होती. तो व्हिडिओ त्यांनी समाजाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली जन्मभराच्या सवयीनं लिहिलं, "आनंदीबाई गायधने. समाजभवन. सकाळी. भजन सुरू. यावे."

यावे हे त्यांनी आग्रहाचं म्हणून घातलं होतं. एक शब्द जास्तीचा खर्चला होता बिचाऱ्यांनी.

दुसरं भजन संपायच्या आत माणसं येऊ लागली. आधी माझ्या ऑफिसातले दोघं, हातात हार. पाठोपाठ पुरवठा विभागाचे निवृत्त साहेब. ते उशाशी हात जोडायला आले तेव्हा ही उठून पाय खाली सोडत होती. साहेब मागच्या मागं बसले, ते भजनी मंडळींच्या पेटीवर. पेटीतून जो आवाज निघाला तो त्या सकाळचा एकच चुकलेला सूर होता. सगळा उलगडा झाल्यावर लोकांना आनंद व्हायला हवा होता. तसं झालं नाही. लोक दुखावले. "सकाळी जेवलोबी नाई," एक जण म्हणाला. हारवाल्यानं हार कुठं ठेवावा ते न कळून तो माझ्याच हातात दिला, आणि मी तो धरून दारात उभा राहिलो. रस्त्यानं जाणारे मला हात जोडून पुढं जात होते.

समोर कचेरी असल्यामुळं नगरपालिकेची नोटीस यायलाही वेळ लागला नाही. समाजभवनात अंत्यविधी करण्यास मनाई असून खुलासा करावा. मी खुलासा केला की संबंधित महिला जिवंत आहे. रजत खिडकीतून म्हणाला, "अंकल, इसका कोई सबूत लगा दो." पेन्शनवाल्यांना दरसाल जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, पण ही पेन्शनवाली नाही. मी तिला रिक्षात घालून खिडकीसमोर नेलं. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "ठीक है. नमस्ते आंटी." हिनं पदर तोंडावर ओढला.

रिक्षातून घरी आलो. ती खाटेच्या काठावर बसली, पाय खाली सोडून. मी चहा गॅसवर ठेवला तेवढ्यात बाहेर जीप थांबली. चपला वाजल्या. हिनं मान वळवली.

दारात रवी होता. उकव्याहून यायला लागतो तेवढा वेळ त्याला लागला होता. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं. सवाष्ण बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते भावानं आणायचं असतं. त्यानं आणलं होतं.

तो बहिणीकडे बघत दारातच खिळला. वाटेत त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"बाई," तो म्हणाला.

"ये," ही म्हणाली. "काय आनलं?"

त्यानं पुडकं मागं लपवलं.

"लुगडं हाय का?"

"हौ."

"कोन्त्या रंगाचं?"

"हिरवं."

"दाखव."

त्यानं आणून दिलं. हिनं कागद सोडला, पदर उलगडला, काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला. बाजारात बघतात तसा. "काठ बरा हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "बोट कापलं तवा तुले सवड नाई भेटली रवी. मेल्यावर बरी भेटली."

रवी खाली बसला. हिच्या पावलांवर डोकं ठेवून तो मोठा माणूस हुंदके देऊ लागला. "चुकलो बाई. मले येवाचं होतं. तू बोलनार नाई म्हून भेत होतो." हिचा चेहरा तसाच कोरा होता आणि मला तिचा राग आला. मग माझ्या लक्षात आलं. त्याचं सगळं पाणी तिच्या पावलावर गळत होतं, आणि तिला ते कळत नव्हतं.

"अवं," मी म्हटलं, "पाय ओला झाला तुझा."

तिनं खाली बघितलं. ओलं पाऊल बघितलं, भावाचं डोकं बघितलं. मग तिचा हात त्याच्या केसांवर गेला आणि ती रडली. माझा चहा उतू गेला तो जाऊ दिला.

रवी लुगडं परत न्यायला निघाला होता. अशुभ वस्तू घरात नको म्हणत होता. ही म्हणाली, "ठेव. नवं हाय, माह्या भावानं आनलं हाय."

समाजभवनातलं भजन चालू राहिलं. लोक सरावले. वसंताजींनी पळती भजनं थोडी आवरती घेतली आणि रस्त्यातली सोडून दिली. नथ्थूजी आता देवळापर्यंत चालत जातात. "फरक. बराच," असं त्यांनी दीपिकाला सांगितलं. रुख्माबाईंच्या तळव्यांची आग कमी झाली. रवी सुट्टीच्या दिवशी उकव्याहून यायचा, हिच्या पायाखाली उशा तोच रचायचा. सगळ्यांचं रक्त फिरलं. जिच्यासाठी मी ठाण्याच्या पायरीवर बसलो होतो तिचं फिरलं नाही. थंडीत टाचेला चीर पडली, तिला दुखली नाही, म्हणून आम्हाला कळली नाही. कळली तेव्हा वास येत होता. उशीर झाला होता, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले. व्यायाम चांगलाच होता, म्हणे. आधी सुरू करायला हवा होता.

नागपूरला निघताना हिनं ते हिरवं लुगडं काढलं. मी म्हटलं, दुसरं नेस. तिनं ऐकलं नाही. "ह्याच्याहून बरं लुगडं नाई माह्याजवळ," म्हणाली. ऑपरेशनच्या आधी नर्सनं ते सोडायला लावलं. घडी करून रवीच्या हातात दिलं. तो बाहेरच्या बाकावर ते मांडीवर घेऊन बसला, मी त्याच्या शेजारी. आतून डॉक्टर येईपर्यंत त्यानं ते खाली ठेवलं नाही. डावा पाय गुडघ्याखालून गेला.

आता उजवा वाचवायचा आहे. दीपिका म्हणते तोच व्यायाम, तसाच, गाण्यावर. ती आताशा कमी हसते. मी आणि रवी हिला खुर्चीसकट समाजभवनात नेतो. ती पहिल्याच तखतावर झोपते. चादर मागत नाही. लाजही वाटत नाही म्हणते, आता झाकण्यासारखं काय उरलं.

परवा वसंताजींनी ढोलकावर थाप दिली. सगळ्यांचे पाय वर गेले. हिचा उजवा गेला, आणि त्याच्या जोडीनं डावीकडचा राहिलेला तुकडाही, थरथरत, बँडेजसकट. मला बघवेना. मी तिच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, "अवं, एकच उचलायचा हाय आता."

तिनं डोळे उघडले नाहीत. तशीच म्हणाली, "हौ. पन त्या दुसऱ्याले काय वाटन?"